चिंचोक्याची खळ, अक्काची गोळी

'नैसर्गिक' हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. साबणावर, तेलाच्या बाटलीवर, केसांच्या मेंदीवर, जिथं तिथं तो छापलेला असतो आणि लोक तो वाचून निर्धास्त होतात. नैसर्गिक म्हणजे गरीब स्वभावाचं, कुणाचं वाईट न करणारं, असा एक समज आहे. मी ज्या नैसर्गिक पदार्थाबरोबर उमेदीची वर्षं घालवली, त्याच्याइतका लहरी आणि दगाबाज पदार्थ दुसरा नसेल. तो पदार्थ म्हणजे चिंचोका.

मी सोलापुरात एका फार्मसी कॉलेजात शिकवते. शिकवून, पेपर तपासून, कुठल्या ना कुठल्या कमिटीसमोर फायली नाचवून जो वेळ उरतो त्यात संशोधन करते. चिंचोक्याच्या गरात साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि त्या साखळ्यांना बारीक फांद्या फुटलेल्या असतात. एका एन्झाइमनं त्यातल्या काही फांद्या छाटल्या की त्या गराचा स्वभाव बदलतो. थंड असताना तो पाण्यासारखा पातळ राहतो आणि अंगाची ऊब लागली की घट्ट होतो. म्हणजे सुईतून आत सोडता येतो आणि आत गेल्यावर जागच्या जागी बसतो. कॅन्सरच्या गाठीजवळ असा जेल बसवायचा आणि त्यात शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध कोंडून ठेवायचं, म्हणजे ते तिथल्या तिथं, सावकाश झिरपत राहील, असा माझा प्रयत्न. ऐकायला सोपं वाटतं. दोन वाक्यांत सांगून होतं, हीच त्यातली मोठी अडचण आहे.

चिंचोका मी उगीच निवडला नव्हता. आमचे अप्पा सायझिंगच्या कारखान्यात होते. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ पाजतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. ती खळ चिंचोक्याच्या पिठाची. भाजायचं, टरफल काढायचं, दळायचं, भिजवायचं आणि मंद आचेवर हलवत शिजवायचं. झाली की नाही हे बघायला अप्पा दोन बोटांत थेंब घेऊन बोटं उघडायचे. तार आली की खाली उतरवायचे. घरी चादरीला नाहीतर लुगड्याला लावायला थोडी खळ लागली की अक्का चुलीवर करायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अप्पांच्या बोटांची ती खूण तिनं बरोबर उचलली होती, मला कधी जमली नाही. मी पुढं प्रयोगशाळेत तेच काम महागड्या यंत्रावर करू लागले.

अक्का मंद्रूपला दिली. शेती, दोन म्हशी, दूध डेअरीला. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं. ती मला अजून 'तंगी' म्हणते, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. तिला छातीत गाठ लागली तेव्हा तिनं ती बरेच दिवस लपवली आणि मग एकदा आठवडी बाजारातून फोन करून, मागं भाजीवाल्यांचा ओरडा चालू असताना, मला सांगितली. घरात बोलायला तिला लाज वाटली असणार. मी तिला सोलापुरात आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं, की ही गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, आधी रोज एक गोळी घ्यायची, गाठ आकसली की ऑपरेशन करायचं, म्हणजे ऑपरेशन लहानावर भागेल. गोळी चुकवायची नाही, एवढं त्यांनी दोनदा बजावलं.

पहिल्या तपासणीला गाठ खरंच लहान झाली होती. त्या दिवशी अक्का माझ्याकडं मुक्कामाला होती. मी कॉलेजातून आले तर ही माझ्या ओट्यापाशी भाकऱ्या थापत उभी. म्हणाली, "तू दिवसभर तितं करतीस तरी काय? तुझं दाजी इचारत्यात, मला सांगता येत न्हाय."

मी खूश होते. गाठ लहान झाली होती, पुण्याच्या प्रयोगशाळेत आमच्या जेलचे उंदरांवरचे प्रयोग चांगले चालले होते. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, गावात दरोडेखोर गावकऱ्याचाच वेश करून राहिला तर राखणदार त्याला रामराम घालून पुढं जातात. कॅन्सरचं तसंच आहे. आमचं औषध राखणदारांना हलवून जागं करतं. पण ते अंगभर पसरलं तर राखणदार चवताळून घरच्याच माणसांना बडवायला लागतात. म्हणून औषध गाठीपाशीच धरून ठेवायचं.

"कशात धरून?"

"चिंचोक्याच्या खळीत."

ती थापायची थांबली. "आपल्या अप्पाच्या खळीत?"

"तसलीच समज. थोडी बदललेली."

"म्हंजी औषध गाठीपशीच ऱ्हातंय, बाकीच्या अंगाला तरास न्हाय?"

"व्हय," मी म्हटलं. इतक्या पटकन हे माझ्या गाइडलाही समजलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला, हे मी आज दात ओठ खाऊन लिहिते आहे.

मग वर्तमानपत्राचं प्रकरण झालं. पुण्याहून पहिले आकडे आले, जेल दिलेल्या उंदरांच्या गाठी लहान झाल्या होत्या. मी आमच्या प्राचार्यांना सहज सांगितलं आणि त्यांनी परस्पर पत्रक काढलं. मी वार्ताहराला फोनवर बजावून सांगितलं की हे उंदरांवरचं आहे, माणसापर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. तो "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला. दुसऱ्या दिवशी मथळा होता: 'चिंचोक्याने कॅन्सरवर मात, सोलापूरच्या कन्येची किमया'. उंदीर बातमीच्या शेवटच्या ओळीत होते आणि वर माझा फोटो, कुठल्या तरी हळदीकुंकवातला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातला प्रकार.

त्यानंतर मला कुणी सुखानं जगू दिलं नाही. बाळीवेशीतल्या लांबच्या नातेवाइकांनी सत्कार ठेवला. शेजारच्या काकू सकाळी उठून चिंचोक्याची पूड कोमट पाण्यातून घेऊ लागल्या. त्यांना काही झालेलं नव्हतं, पण म्हणे झालं तर. होटगीहून एक माणूस त्याच्या वडिलांचे रिपोर्ट घेऊन दारात उभा राहिला आणि मी औषध देऊ शकत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मोठ्या लोकांनाच देत असाल." त्याचा मला राग आला आणि त्याची कीवही आली, आणि दोन्हीचा त्याला काही उपयोग नव्हता. दाजी मंद्रूपहून एसटीत पोतंभर चिंचोके घालून घेऊन आले. आपल्या बांधावरच्या झाडाचे, फवारणी नसलेले, एकदम नैसर्गिक. मी त्यांना म्हटलं, दाजी, मला लागतो तो शुद्ध केलेला गर, असा पोत्यातला चालत नाही. ते म्हणाले, "असू द्या की, औषधाला कमी पडाय नगं." पोतं माझ्या गॅलरीत राहिलं आणि त्याला पोरकिडे लागले.

याच सुमारास पुण्याहून दुसरा मेल आला. जर्नलला पाठवलेला आमचा शोधनिबंध तपासणाऱ्यानं विचारलं होतं की औषध न घातलेला रिकामा जेल दिला तर काय होतं? आम्ही ते केलंच नव्हतं. तुलनेसाठी दुसऱ्या उंदरांना नुसतं सलाईन दिलं होतं. मग केलं. रिकाम्या जेलनंही गाठी लहान झाल्या, जवळजवळ तितक्याच.

आनंदानं उड्या मारायची गोष्ट नव्हती ही. जिवाणू मेले तरी त्यांच्या कवचाचे तुकडे मागं राहतात, उकळूनही जात नाहीत आणि चिंचोक्यासारख्या जमिनीवर पडणाऱ्या, पोत्यात साठवलेल्या मालात ते असतातच. शरीराला ते तुकडे दिसले की सगळे राखणदार खडबडून उठतात. आमच्या उंदरांना बरं करत होती ती बहुधा ही घाण. माझ्या छाटलेल्या फांद्या नाहीत, आत कोंडलेलं औषध नाही, तर मळ. आणि मळाचं औषध करता येत नाही, कारण या लॉटमध्ये तो किती आणि पुढच्या लॉटमध्ये किती, याचा काही धरबंध नाही. एखाद्या माणसाच्या अंगात तो जास्त गेला तर ताप चढून माणूस मरेल.

मी गर धुवायला घेतला. एका पद्धतीनं धुतला तर मळ राहायचा. दुसऱ्या पद्धतीनं धुतला तर मळ जायचा आणि जेल घट्ट व्हायचा नाही. अंगाच्या उबेला नेला तरी ताकासारखा हिंदकळत बसायचा. तिसऱ्या पद्धतीची रसायनं मागवली तर ती खरेदी विभागात अडकली, कारण कुणाला तरी त्यांची नावं वाचता येईनात. आणि या सगळ्यात कॉलेजच्या फाटकावर माझ्या फोटोचा फ्लेक्स फडफडत होता. मी प्राचार्यांना म्हटलं, तो उतरवा, निकाल बरोबर नाही. ते म्हणाले, "मॅडम, ॲडमिशनचे दिवस आहेत." मी रोज त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून आत जायचे. स्वतःच्याच फोटोला तोंड चुकवायची वेळ माझ्यावर आली होती.

पुढच्या तपासणीला अक्काची गाठ वाढलेली निघाली.

डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. आधी आकसलेली गाठ गोळी चालू असताना अशी वाढायला नको होती. त्या म्हणाल्या, गोळी हिला लागू पडत नाही असं दिसतं, आता सलाईनमधून द्यायच्या जड औषधांचा विचार करावा लागेल, पण आधी स्कॅन करू.  अक्काची मान खाली होती आणि मला वाटलं, घाबरली.

स्कॅनसाठी तिला आणायला मी स्वतः मंद्रूपला गेले. दुपारची वेळ. दाजी रानात होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला तो वास आला. शिजलेल्या चिंचोक्याचा वास लपत नाही. अप्पा घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला तो असायचा. मला वाटलं, लुगड्याला खळ करत असेल. मागच्या खोलीत गेले तर अक्का भिंतीकडं तोंड करून बसली होती, पदर बाजूला, आणि पितळी वाटीतली कोमट खळ बोटांनी छातीला लावत होती. जवळ खलबत्ता. खलाच्या तळाशी पिवळसर पांढरी भुकटी आणि बाजूला गोळ्यांची पट्टी.

"अक्का, हे काय?"

ती दचकली नाही. "औषध."

"कसलं औषध?"

"माझंच की. डाक्टरनं दिल्यालं. वाटून खळीत कालवलंय. दोन बोटांत तार येईस्तोवर शिजवलीय, बघ. गाठीपशीच ऱ्हातंय, बाकी अंगाला लागत न्हाय. तूच म्हनली व्हतीस."

 तिनं काहीही चुकीचं ऐकलं नव्हतं. औषध, खळ, गाठ, धरून ठेवणं, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त कातडीवर लावलेली गोळी आत जात नाही, आणि आत गेलीच तर कामाची ठरण्याइतकी जात नाही. तिचं काम अंगभर फिरूनच व्हायचं असतं. माझं औषध वेगळं, हिचं वेगळं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गरज पडेल असं जगात कुणाला वाटलं असतं?

मग माझा तोल गेला. मी ओरडले. किती दिवस हे चाललंय, कुणाला विचारलंस, गोळी गिळायची असते एवढी अक्कल नाही का, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, मी काय इथं तुला मरायला शिकवलं का. मी वर्तमानपत्राला, प्राचार्यांना, दाजींच्या पोत्याला, सगळ्यांना द्यायच्या शिव्या एकट्या अक्काला दिल्या. ती मधे म्हणाली, "अगं ती गोळी पोटात गेली की..." मी म्हटलं, "गप. एक शब्द बोलू नको." तिनं पदर सावरला, वाटी आत नेऊन ठेवली आणि माझ्यासमोर चहाचा कप आणून ठेवला. शेजारची बाई डोकावून "काय झालं?" म्हणाली, तर अक्का म्हणाली, "काय न्हाय, तंगी आलीया, जरा डोकं दुखतंय तिचं."

विजापूर रोडनं एसटीनं आम्ही परत निघालो. मंद्रूपच्या दोन बायका पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी मागं वळून मला हात जोडले. एक म्हणाली, "तुमच्या अक्काचं नशीब बघा, घरातच औषधवाली." अक्का तिच्याकडं बघून हसली. ते हसू बघून मला एसटीतून उडी मारावीशी वाटली.

स्कॅन झालं आणि दोन दिवसांनी आम्ही डॉक्टरबाईंच्या समोर बसलो. गाठ काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली होती. डॉक्टरबाई फिल्म लावून दाखवत होत्या आणि मी बघत होते, पण मला त्या खुणा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत होत्या. मग त्यांनी पेन उचलून विचारलं, "गोळी रोज घेत होतात ना? एकही चुकली नाही?"

"रोज घेतली की," अक्का म्हणाली. स्वच्छ, डोळ्याला डोळा भिडवून.

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, हे मला त्याच क्षणी समजलं. बहिणीच्या नावावर बोट यायला नको. फाटकावर फ्लेक्स लागलेल्या बहिणीच्या. पण त्या एका वाक्यावर डॉक्टर हिची गोळी कायमची बंद करणार होत्या. हिला ती लागू पडते की नाही हे कधी कुणाला कळणारच नव्हतं.

"नाही घेतली," मी म्हटलं. "वाटून वरून लावत होती. चिंचोक्याच्या खळीत कालवून."

"सुम्म कूड," अक्का कानडीत माझ्यावर खेकसली. गप बस. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी अशी खेकसली नव्हती.

मी गप्प बसले नाही. सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता माझी पाळी. बातमी त्यांनीही वाचली असणार. पण त्या माझ्याकडं वळल्याच नाहीत. खुर्ची थोडी पुढं ओढून त्यांनी अक्कालाच विचारलं, "पण गिळत का नव्हता? सुरुवातीला तर घेतल्या होत्या. गाठ लहान झाली होती."

 अक्कानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी ते हात कितीदा बघितले होते, पण त्या दिवशी टेबलावरच्या दिव्याखाली पहिल्यांदा नीट बघितले. सांधे सुजलेले होते.

"बोटं दुखायची," ती म्हणाली. "गोळी चालू झाल्यापासनं. मूठ वळंना. म्हशीचं आचळ धरलं की डोळ्यातनं पानी यायचं. म्हस दूध चोराय लागली, लाथा झाडाय लागली. हिचं दाजी म्हनले, तू आता काय कामाची ऱ्हायली न्हाईस. चेष्टंनं म्हनले. मग हिनं सांगितलं, खळीत धरलं की बाकी अंगाला तरास न्हाय. म्हनलं, बरं झालं."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात त्यांना आणि स्वतःला विचारत होते की, या बाईला गेल्या तपासणीला, त्याच्या आधीच्या तपासणीला, माझ्या ओट्यापाशी, एसटीत, कुणी कधी विचारलं होतं का, गोळीनं काय होतं तुला? तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी तर सर्वांत जास्त सांगितलं होतं. आणि ती सांगायला लागली तेव्हा तिला गप म्हणणारीही मीच होते.

"अहो, मग बोलायचं ना," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सांध्यांना ही गोळी सोसली नाही तर दुसरी असते. तशीच, त्याच कामाची. आम्ही कितीजणींना बदलून देतो. नुसतं म्हणाला असता तरी त्याच दिवशी बदलली असती."

मग त्या ऑपरेशनचं बोलू लागल्या. आता थांबायचं नाही, आता लहान ऑपरेशनवर भागणार नाही, पूर्ण स्तन काढावा लागेल, काखेतल्या गाठींसकट, आणि नंतर जड औषधंही. मी लिहून घेत होते. अक्का ऐकत नव्हती. तिनं टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले होते आणि ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, नुसती बघत होती.

"दुसरी गोळी असती म्हनं, तंगी," ती म्हणाली.